घड्याळ हातावर रुळायला मला अख्खा पावसाळा लागला

मी आशा वर्कर आहे, गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या ह्या अंगाला. माझ्याकडे तीन वाड्या, एक खाडीला लागून, एक रस्त्यावरची आणि एक वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळावर, आणि ह्या तिन्ही वाड्यांमधून मी गेली नऊ वर्षं चालतेय पण यंदाच्या एप्रिलपर्यंत माझ्या हातात घड्याळ नव्हतं. लग्नात घातलेलं तेवढंच. टाइम बघायचा तर मोबाईल आहे ना, असं सगळ्यांसारखं माझंही होतं. मग एप्रिलमध्ये एक गोष्ट झाली आणि मी ठरवलं की आता रोज घालायचं. ठरवलं पटकन, पण ते हातावर रुळायला जे काय काय करावं लागलं ते लिहून ठेवतेय, कारण माझ्याबरोबरच्या दोघीतिघींनी हौसेने घड्याळ घेतलं आणि पंधरा दिवसात काढून कपाटात टाकलं, आणि मला मनापासून वाटतं की त्यांना कोणी नीट सांगणारं असतं तर ते हातात राहिलं असतं.

तर एप्रिलमध्ये सातव्या दिवसाची भेट होती. बाळंतीण माहेरी आलेली, बाळ दूध पिऊन आईच्या मांडीवर शांत पडलेलं, अंगडं वर केलं आणि मोबाईलमध्ये स्टॉपवॉच लावून श्वास मोजायला घेतले. चाळीसेक सेकंद झाले असतील आणि मिस्टरांचा फोन आला, स्क्रीनवर त्यांचा फोटो, स्टॉपवॉच गेलं मागे, रिंगटोनने बाळ दचकलं आणि रडायला लागलं. रडणाऱ्या बाळाचे श्वास मोजता येत नाहीत, मोजले तरी त्याला अर्थ नाही. परत ते शांत होऊन झोपेपर्यंत पंचवीस मिनिटं मी बसून होते. बाळाची पणजी दारात बसलेली, ती म्हणाली, "आशाताय, मोबाईल ठेव गो बाजूला, पोराकडं बघ जरा." मी तिला सांगितलं की आजी मी मोबाईल बघत नव्हते, श्वास मोजत होते. पण घरी येताना डोक्यात तेच चाललेलं, की तिला दिसलं ते काय तर सात दिवसांच्या बाळावर मोबाईल धरून बसलेली एक बाई. तिचं काही चुकलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जातो, बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशी पण. वजन घेतो, ताप बघतो, नाळ बघतो आणि श्वास मोजतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचे नाहीत, कारण नवीन बाळाचा श्वास एकसारखा नसतो, भराभर आठदहा घेतं, मग दोनचार सेकंद थांबतं, परत घेतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त आले तर परत मोजायचे, आणि दुसऱ्यांदा पण ६० किंवा जास्त असतील तर दवाखाना, तिथे थांबायचं नाही. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या मुलाला ५०, आणि वर्ष ते पाच वर्षांपर्यंत ४०. पोट उडतंय का, श्वास घेताना छातीच्या खाली खड्डा पडतोय का ते पण बघायचं. म्हणजे बघा, ५८ आणि ६२ मध्ये फरक चारच श्वासांचा आहे, पण एकात बाळ घरी राहतं आणि दुसऱ्यात त्याला घेऊन निघायचं, आणि तो फरक मोजण्याच्या त्या एका मिनिटावर अवलंबून. म्हणून मी ते मिनिट फार जपते.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलेलं की घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून आधी करून दाखवली, ३९ गावांत, आणि १९९९ साली तो अभ्यास लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला, मग २०११ पासून हे काम देशभर आशांकडे आलं. ज्या सुईणींना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी तर त्यांनी वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असं श्वास मोजायचं साधं साधन केलेलं. हे मी आत्ता का सांगतेय ते पुढे येईल.

आम्हाला किटमध्ये डिजिटल घड्याळ मिळालेलं असतं. माझं मी पहिल्या दिवसापासून किटच्या बॅगेतच ठेवलं, हातात घातलंच नाही, आणि बॅगेत पडून पडून त्याचा सेल कधी गेला मला कळलं पण नाही. नवीन सेल टाकून घेतला आणि आठ दिवस त्यावर मोजून बघितलं. तर माझा गोंधळ व्हायचा. नजर पोटावर, तोंडात हळू चाललंय सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, आणि तिकडे घड्याळात पळतायत एकतीस, बत्तीस, तेहेतीस, आणि एका क्षणी मी पोटाचे आकडे सोडून घड्याळाचेच आकडे म्हणायला लागते. हे माझ्याबरोबर तीनदा झालं. मग माझ्या लक्षात आलं की मला आकडे नकोतच, मला काटा पाहिजे. काटा बारावरून निघाला आणि फिरून बारावर आला की संपलं, मधे वाचायचं काही नाही. त्या वाळूच्या घड्याळात पण हेच होतं ना, वाळू संपली की थांबायचं.

मग लग्नातलं घड्याळ काढलं. सोनेरी चेनचं, बारीक डायल, खडे लावलेलं, आमच्या आत्याने दिलेलं. त्यात सेकंदकाटाच नाही, आणि आकड्यांच्या जागी पण खडेच. शिवाय बारा वर्षं सेल आतच राहिल्यामुळे तो फुटून आत हिरवट चिकट झालेलं. घड्याळ वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवायचा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी शृंगारतळीच्या बाजारातून नवीन घेतलं, साडेआठशेला. मी दुकानात काय बघितलं ते सांगते. डायल पांढरी, आकडे १ ते १२ सगळे काळे आणि ठळक, सेकंदकाटा लाल आणि डायलच्या कडेपर्यंत पोचणारा लांब, आणि आकार दहाच्या नाण्यापेक्षा जरासा मोठा, त्याहून मोठं नको. दुकानदाराने आधी मोठ्ठं दाखवलं, हल्ली तीच फॅशन आहे म्हणाला, पण माझं मनगट बारीक, त्याच्या कडा दोन्ही बाजूंनी बाहेर येत होत्या आणि साडीचा पदर त्यात अडकला तो तिथेच. हातात घालून, हात झटकून, वाकून बघा. नुसतं काचेत ठेवलेलं बघून कळत नाही.

आता खरी कहाणी.

पहिला आठवडा वाईट गेला. हात जड वाटायचा, म्हणजे असं काही फार वजन नसतं हो त्याचं, पण सारखं लक्ष तिकडेच. भांडी घासायची, काढ. पीठ मळायचं, काढ. नळाला पाणी आलं, काढ. आणि काढून ठेवायचं कुठे तर हात जाईल तिथे, खिडकीत, चुलीच्या कट्ट्यावर, एकदा विहिरीच्या काठावर राहिलं आणि संध्याकाळी शेजारच्या पोराने आणून दिलं. उकिडवं बसून उठताना डावा हात जमिनीला टेकायची मला सवय, तेव्हा घड्याळाची चावी पंज्याच्या मागे रुतायची, लाल खूण उठायची. आणि एवढं करून टाइम बघायचा झाला की हात जायचा मोबाईलकडेच! हातात घड्याळ बांधलेलं असताना मी पर्स उघडून मोबाईल काढून टाइम बघतेय, हे दिवसातून दहा वेळा.

त्यात बांगड्या. हा विषय बायकांनाच कळेल. माझ्या दोन्ही हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, डाव्यात चार. घड्याळ बांधलं की बांगड्या त्याच्यावर आपटायच्या, दिवसभर किणकिण, आणि पाचव्या दिवशी एक बांगडी वाढली. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण त्यांचं तोंड उतरलं. मी बांगड्या कोपराकडे सरकवून बघितल्या, चालताना घरंगळून परत खाली येतात. घड्याळ उजव्या हातात घालून बघितलं तर लिहिताना टोचतं, आणि आमचं काम म्हणजे अर्धं लिहिण्याचंच. डाव्या हातातल्या सगळ्याच काढल्या तर सासूबाईंना ते बघवणार नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला पण मोकळा हात बरा वाटत नव्हता. बरेच दिवस काही सुचत नव्हतं. मग सासूबाईंनीच उपाय काढला. त्या म्हणाल्या, "तीन उजव्यात घाल, डाव्यात एकच ठेव, पण ती एक मापाची घट्ट घे, म्हणजे ती मनगटापर्यंत येणारच नाही." कासारणीकडून एक नंबर लहान बांगडी भरून घेतली, साबण लावून चढवली, ती मनगटाच्या चार बोटं वर बसते, आणि घड्याळ खाली. तेव्हापासून एकही वाढलेली नाही. इतकं साधं होतं आणि मी तीन आठवडे त्यात घालवले.

चावी रुतायचं पण तसंच. घड्याळ मनगटाच्या सांध्यावर घालायचंच नाही. करंगळीच्या बाजूला मनगटाचं जे गोल हाड वर येतं ना, त्याच्या मागे, कोपराच्या बाजूला घालायचं. तिथे हात वाकत नाही म्हणून रुतत पण नाही. आणि पट्टा किती घट्ट, तर खालून एक बोट जेमतेम आत गेलं पाहिजे. पण हे माप सकाळी घेऊ नका. आपल्याकडच्या उकाड्यात दुपारी हात फुगतात, सकाळी बरोबर बसलेलं घड्याळ दोन वाजता आवळतं. माझं एक भोक घट्ट व्हायचं आणि पुढचं सैल, तर घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांनी दोन भोकांच्या मधे एक भोक पाडून दिलं, पैसे पण घेतले नाहीत.

मे महिन्यात मात्र मी जवळजवळ सोडूनच दिलेलं. वर सड्यावर दुपारी बाराचं ऊन, झाड नाही, घामाने पट्ट्याखालची कातडी पांढरी पडून सुरकुतायची आणि मग तिथे बारीक लाल पुळ्या उठल्या, अशी खाज की रात्री झोप नाही. मला वाटलं आपल्याला घड्याळ सोसतच नाही. आठ दिवस काढून ठेवलं, खोबरेल लावलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, स्टीलमधल्या निकेलची अॅलर्जी असती तर जिथे झाकण टेकतं तिथे गोल उठलं असतं, तुझं तर पट्ट्याखाली सगळीकडे आहे, हे घामाचं आणि साबणाचं आहे. हात धुतल्यावर साबणाचं पाणी पट्ट्याखाली राहतं, वरून घाम, आणि माझा पट्टा रेक्झिनचा, त्यातून हवा जाणार कुठून.

काकांनी सांगितलं कापडी पट्टा लाव, नायलॉनचा. तो एक लांब पट्टी असतो, घड्याळाच्या खालून जातो, म्हणजे झाकण कातडीला लागतच नाही, मूळ इंग्रजांच्या सैन्यातली पद्धत म्हणे. आणि त्याचा दुसरा फायदा असा की एका बाजूची पिन निसटली तरी घड्याळ खाली पडत नाही, दुसऱ्या पिनेला लटकून राहतं. पट्टा मागवताना माप लागतं, पट्टा जिथे अडकतो त्या दोन टोकांमधलं अंतर, ते पोराच्या कंपासमधल्या पट्टीने मोजलं, १४ मिलिमीटर भरलं. मी दोन मागवले, एक राखाडी आणि एक काळा. एक हातात, एक धुवून वाळत. रात्री घड्याळ काढलं की ओल्या फडक्याने मागचं झाकण पुसायचं, सुक्याने परत पुसायचं, मनगट धुवून कोरडं करायचं. दोन मिनिटांचं काम आहे. पुळ्या परत आल्या नाहीत. ज्या दोघीतिघींनी घड्याळ सोडलं त्यांचं पण ह्याच मे महिन्यात सुटलं, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल बाळाला हात लावायच्या आधी घड्याळ काढावंच लागत असेल. हो, काढावंच लागतं. आमच्या हात धुण्याची पहिली पायरीच ती आहे, बांगड्या आणि घड्याळ काढा, मग कोपरापर्यंत हात ओले करा, साबण, नखं, आणि मग हात वर धरून हवेत वाळवायचे, कशालाही पुसायचे नाहीत. मिस्टर म्हणाले, मग घालतेस कशाला, बॅगेतच ठेव. त्यांचं म्हणणं बरोबर वाटेल कोणालाही. पण बॅगेतलं घड्याळ काय होतं ते मी बघितलेलं ना, सेल कधी गेला ते पण कळलं नव्हतं. हातातलं घड्याळ बंद पडलं तर दहा मिनिटांत कळतं. आणि माझ्या कामाला काय बॅग घेऊन बसल्यावरच टाइम लागतो असं नाही. रात्री कोणाच्या पोटात दुखायला लागलं, तर कळा किती मिनिटांनी येतायत, किती वेळ टिकतायत, १०८ ला फोन किती वाजता केला, हे सगळं अंधारात, एका हाताने बाईला धरून बघायचं असतं. तेव्हा मोबाईल फोन करायला पाहिजे असतो.

तर मी काय करते ते सांगते. घरात गेले की आधी बॅगेतून स्वच्छ धुतलेलं फडकं काढून चौपदरी करून बाळाच्या बाजूला ठेवते. त्यावर घड्याळ, डायल वर, बाराचा आकडा माझ्याकडे. बक्कल एका हाताने काढायची सवय झालीय आता. मग हात धुते. धुतल्यावर घड्याळाला हात लावायचा नाही. बाळाच्या आईला अंगडं वर करायला सांगते, पोट दिसतं आणि त्याच्या शेजारीच, वीतभरावर, लाल काटा. मान हलवायला लागत नाही, नजर जराशी सरकवली की झालं. काटा बारावर यायची वाट बघते आणि आला की पहिला श्वास. तो काटा टक टक करत जातो आणि पोट वर खाली होतं, दोघांचा काही मेळ नसतो, बाळ आपल्या चालीने आणि काटा आपल्या. त्या मिनिटात घरातलं कोणी बोलत नाही. पूर्वी मोबाईल धरलेला असायचा तेव्हा बोलायचे. आता बाळाची आजी पण काट्याकडे बघत बसते, एकीने तर माझ्याबरोबर ओठ हलवत मोजलं आणि शेवटी म्हणाली बावन्न, माझे पण बावन्नच आलेले.

त्या फडक्यावर घड्याळ दोनदा विसरलं मी. एकदा तर सड्यावरून खाली उतरून आले आणि परत चढले. मग एक नियम केला, फॉर्मवर निघायची वेळ शेवटी लिहायची आणि ती हातातल्या घड्याळात बघूनच लिहायची. घड्याळ हातात नसेल तर वेळ लिहिता येत नाही, फॉर्म पुरा होत नाही. त्यानंतर नाही विसरलं. घरी पण एक जागा ठरवली, आरशाखाली पितळी वाटी. सकाळी देवाला दिवा, टिकली, मंगळसूत्र नीट करायचं आणि वाटीतलं घड्याळ हातात. ह्या चालू सवयींच्या शेपटीला बांधलं म्हणून ते टिकलं असं मला वाटतं. आणि मोबाईल पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात, जिथून काढायला त्रास होईल असा.

जून लागला आणि पाऊस. आपल्याकडच्या पावसात कपाटातल्या चपलेला बुरशी येते, घड्याळ काय चीज आहे. एका दिवशी सकाळी काचेच्या आतून वाफ धरलेली, सेकंदकाटा धुक्यातून चालल्यासारखा. मागे तर ३० मीटर लिहिलंय! सगळे म्हणाले तांदळात ठेव. मी ठेवलं नाही, काकांकडे नेलं आणि बरं केलं. त्यांनी झाकण उघडून, वाळवून, झाकणाखालची रबरी रिंग बदलली आणि समजावलं. ३० मीटर म्हणजे ३० मीटर पाण्यात बुडी मारायची असं नाही, कारखान्यात नवीन असताना तेवढा दाब सोसतं का बघितलेलं असतं, आपण त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा की हात धुताना शिंतोडे उडाले, पाऊस लागला तर चालेल. पोहायला जायचं तर १०० मीटरवालं घ्यायचं. रिंग काही वर्षांनी कडक होते, ती सेल बदलताना बघून घ्यायची. आणि चावी पूर्ण आत दाबलेली पाहिजे, माझी अर्धवट बाहेर होती, आदल्या दिवशी टाइम लावल्यावर दाबली नव्हती. पाणी तिथून गेलेलं.

काकांकडे बसले तेव्हा त्यांनी आतलं यंत्र पण दाखवलं. सेलवर चालणाऱ्या घड्याळात क्वार्ट्जचा एवढासा तुकडा असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि आतलं सर्किट त्याला पंधरा वेळा निम्मं निम्मं करत सेकंदाला एक ठोका करतं. मी घरी येऊन मुलाला वहीवर निम्मं करायला लावलं, पंधराव्या वेळी बरोब्बर एक आला. त्याला फार मजा वाटली, आणि मला पण कुठेतरी भरवसा वाटला, की माझं एक मिनिट एवढ्या थरथरीतून मोजून येतंय.

खारं पाणी मात्र वेगळंच. ते मिस्टरांनी सांगितलं, ते बोटीवर जातात, पण १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा घरी असतात. ते स्वतः घड्याळ घालत नाहीत, जाळं ओढताना हाताला काहीच नको, पट्टा जाळ्यात अडकला तर हात जातो. पण खाऱ्या पाण्याने लोखंडाचं काय होतं ते त्यांच्याएवढं कोणाला माहीत. धोपाव्याहून दाभोळला जंगलजेटने, म्हणजे फेरीबोटीने, जाताना तोंडावर हातावर तुषार येतात, ते सुकले की मिठाचे बारीक कण पट्ट्याच्या पिनांमध्ये बसतात आणि पिना आतून खातात, वरून कळत नाही आणि एक दिवस पिन तुटते. म्हणून त्या बाजूला जाऊन आलं की गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसायचं.

रोज घड्याळ बघायला लागल्यावर एक गंमत कळली. सड्यावरच्या म्हाताऱ्या सावलीवरून वेळ सांगतात, सावली पायात आली की बारा. माझ्या घड्याळात तेव्हा साडेबारा, कधी पाऊण. मला वाटायचं त्यांचा अंदाज चुकतो. तर आपला भारताचा टाइम साडेब्याऐंशी रेखांशाचा, तिकडे मिर्झापूरजवळचा, आणि आपण त्र्याहत्तरच्या जरा पुढे, एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर सदतीस मिनिटांचा फरक पडतो. म्हातारीचा सूर्य इथला आहे आणि माझं घड्याळ तिकडचं, दोघंही बरोबर. भरतीचं पण तसंच. खाडीकाठच्या वाडीत जायची पायवाट भरतीला पाण्याखाली जाते, पूर्वी मी गेल्यावर बघायचे आणि तास तास काठावर बसायचे. जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, रोज पाऊण तास पुढे. अंदाजाचाच हिशोब आहे, पण आता कालनिर्णयात तिथी बघते, हातातल्या घड्याळात वेळ, आणि त्याप्रमाणे निघते.

आणि अजून एक. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा पलीकडे दापोली-मंडणगडला आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, आमच्याकडे पण गेलेली, मोबाईल पहिल्या दिवशीच मेले. त्या रात्री वाडीत दिवस भरलेली एक बाई होती आणि आम्हाला किती वाजले ते कोणालाच सांगता येत नव्हतं, कोंबडा आरवला तेव्हा कळलं पहाट झाली. तिला काही झालं नाही, सुखरूप सुटली. पण कळा मी तेव्हा मनातल्या मनात आकडे म्हणत मोजल्या होत्या, ते मला अजून आठवतं.

ऑगस्टच्या शेवटी कधीतरी माझ्या लक्षात आलं की घड्याळ हातात आहे हे मला दिवसभर आठवलंच नव्हतं. गणपतीत चाकरमानी आले, घरात वीस माणसं, मोदकांचं पीठ मळायला घड्याळ काढून वाटीत ठेवलं आणि दिवसभर मी मोकळ्या मनगटाकडे बघत होते. कातडीवर एक फिकट पट्टा उमटलाय. सासूबाई आता स्वयंपाकघरातूनच विचारतात, "बाय, किती वाजले गो?" पूर्वी त्या भिंतीवरचं घड्याळ बघायला बाहेर यायच्या.

परवा एकाची तिसऱ्या दिवसाची भेट होती. पहिल्यांदा ६३ आले. हात थरथरला माझा. बाळ नुकतंच अंघोळ घालून आणलेलं, जरा गार पडलेलं, त्याला गुंडाळलं, आईच्या छातीशी दिलं, थोडा वेळ थांबले आणि परत काटा बारावर यायची वाट बघितली. दुसऱ्यांदा ५४. पोट उडत नव्हतं, दूध नीट ओढत होतं. तरी संध्याकाळी परत जाऊन आले, तेव्हा ५१. फॉर्मवर तिन्ही वेळा लिहिल्या, सकाळी १०:४०, ११:०५ आणि संध्याकाळी ५:२०, आणि निघायच्या आधी घड्याळ हातात बांधलं.